बेनीची दुसरी-तिसरी मात्रा

बेनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या गोदामात मालाची यादी तपासत होतो. तो ज्या शाळेत संगीत शिकवायचा तिथल्या एक बाई बोलत होत्या. "बेनेडिक्टसर स्टाफरूम में गिर गए थे. हॉस्पिटल पहुंचने से पहले ही..." भाताला चार शिट्ट्या कशाला, म्हणून त्याच सकाळी मी त्याच्यावर डाफरलो होतो.

इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं नऊ वर्षं राहिलो. तो वसईचा ख्रिश्चन, मी चिपळूणचा. दोघांचे संसार तिकडे, इकडे एक स्वयंपाकघर. बेनी व्हायोला वाजवायचा, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, जाड आवाजाचं वाद्य. दर डिसेंबरात बाहेरून मंडळी येऊन नाताळचा तोच तो बॅले करायची आणि साथीच्या ऑर्केस्ट्रात बेनी असायचा. त्यापायी तो एकाही नाताळला घरी गेला नाही. मध्यंतरात त्याची बायको रोझ व्हिडिओ कॉल करायची. तिच्या मागे सगळा गोतावळा जेवत असायचा आणि हा काळ्या सुटात पार्किंगमध्ये उभा. "लोकांचा नाताळ वाजवतो रे मी," म्हणायचा. "माझा राहतोच."

नोव्हेंबर लागला की बंद दाराआड सराव चाले. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नाच. पण त्यातली पहिली मात्रा दुसऱ्यांची, सूरही दुसऱ्यांचा. व्हायोलाच्या वाट्याला पानंच्या पानं नुसती दुसरी आणि तिसरी मात्रा. चक-चक... चक-चक... एकदा वैतागून मी म्हणालो, "अरे बेनी, गाणं कधी सुरू होणार?" तो हसला नाही. "गाणं ऐकायचं तर थिएटरात यावं लागेल," एवढंच म्हणाला.

दर वर्षी तो माझ्यासाठी त्या बॅलेचा पास आणायचा आणि दर वर्षी मी टाळायचो. वर्षअखेरीची मोजणी, बसलेला घसा, ट्रॅफिक... खरं कारण लाजिरवाणं आहे. महिनाभर भिंतीतून ऐकलेलं ते चक-चक पुन्हा अंधारात बसून ऐकायचं माझ्या जिवावर यायचं. यंदा पहिल्या तालमीहून येऊन त्याने पास फ्रिजवर चिकटवला. "इतक्या वर्षांत आपलं माणूस असं एकदाही कुणी आलं नाही रे तिथे. येशील?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला असल्या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असतो, हे कळतं. त्याने मान हलवली आणि ताट वाढून घेतलं. आठवड्याने तो गेला. सगळे सोपस्कार करून त्याला वसईला पाठवलं, विमानतळावरून घरी आलो, तर पास फ्रिजवर तसाच.

मी गेलो. एकटाच, ऑफिसच्याच शर्टात. वाजवणारे रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात. माझ्या खुर्चीवरून त्यांची फक्त डोकी दिसत होती. वॉल्ट्झ सुरू झाला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा सूर ऐकला. फार सुंदर होता. शेजारच्या बाई मुलीला मांडीवर घेऊन डोलत होत्या. मला मात्र त्या सुराखालून चक-चक, चक-चक ऐकू येऊ लागलं, अगदी स्पष्ट. त्याच्या जागी दुसरं कुणीतरी वाजवत होतं आणि कुठे काही चुकत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. शेवटी लोक नाचणाऱ्यांसाठी उभे राहिले. मी त्या खड्ड्याकडे बघत टाळ्या वाजवत राहिलो, आणि तिथल्या एकालाही मी ओळखत नव्हतो.