समोरून भरायची मशीन

बोरीच्या बसस्टँडजवळ भगवानराव रेडिओवाल्याचं दुकान होतं. मुका पडलेला रेडिओ त्याच्या हातात गेला की बोलायलाच लागायचा, असा त्याचा लौकिक. माणूस सरळ, बोलायला गोड. पण एक नाव निघालं की त्याच्या पोटात कळ उठायची. चंद्रभान!

चंद्रभान म्हणजे शेजारचाच, पिठाच्या गिरणीचा मालक. त्याची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा भगवानरावाच्या मायनं, कडूबाईनं, दोन्ही लेकरं अंगावर पाजली. सारं गाव त्या बाईचं नाव काढायचं. भगवानरावाला मात्र जन्मभर वाटत आलं, की आपल्या वाट्याचं निम्मं दूध ह्या बाबानं गट्ट केलं. चाळिशी ओलांडली तरी सणाला माय पहिली पोळी कुणाच्या ताटात टाकते, हे तो तिरक्या नजरेनं बघायचा. आता काय म्हणावं ह्याला!

त्यात चंद्रभाननं औरंगाबादच्या मेव्हण्याकडून जुना व्हीसीआर आणला. वरचं झाकण उचलायचं, कॅसेट ठेवायची, झाकण दाबायचं. टीव्हीवर जे लागेल ते त्यात भरून ठेवता यायचं, दुकानात गाण्याच्या कॅसेटी भरून देतात तसं. कडूबाई रोज संध्याकाळी तिकडंच जाऊन बसायला लागली आणि इकडं भगवानरावाचा तिळपापड.

एकोणनव्वद साली मुंबईचे टीव्हीवाले गावात आले. त्यांना जात्यावरच्या ओव्या पाहिजे होत्या. चंद्रभानच्या गिरणीनं गावातली जाती कधीच बंद पाडली होती, पण कडूबाईचं जातं अजून जागेवर होतं आणि ओव्याही. भगवानराव त्या दिवशी सामान आणायला परभणीला गेलेला. परत येईपर्यंत गाडी निघूनही गेली. महिन्याभरानं कार्ड आलं, की येत्या रविवारी संध्याकाळी कडूबाई टीव्हीवर दिसणार. एकदाच.

"चंद्रभान भाऊजीला सांगा की भरून ठेवायला," त्याची बायको सुलाबाई म्हणाली.

"माझी माय त्याच्या पेटीत कामून भरू? मला हात न्हाईत का?"

मायचं रूप आणि मायचा गळा जन्मभरासाठी आपल्या घरात, आपल्या मशिनीत पाहिजे. बस्स! दारची म्हैस विकून तो परभणीच्या स्टेशन रोडवरच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"कॅसेट भरता येती ना ह्याच्यात?"

"येते की! ही समोरून भरायची. वरून भरायच्या आता जुन्या झाल्या."

वरून भरायच्या जुन्या! झालं, भगवानरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चंद्रभानची वरून, आपली समोरून! टेपरेकॉर्डरला असतं तसं लाल बटन ह्याला कुठं दिसेना, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण दुकानात ओळखीची दोन गिऱ्हाइकं उभी होती. बोरीच्या मेकॅनिकनं बटन कुठंय म्हणून विचारायचं? छे! तो मशीन बगलेत मारून एसटीत बसला.

रविवारी घरातल्या टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. कडूबाई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसली.

"चंद्रभान न्हाई आला?" तिनं विचारलं.

"येईल की," भगवानराव म्हणाला. त्यानं निरोपच दिला नव्हता.

कोरी कॅसेट मशिनीनं गपकन गिळली. कार्यक्रम सुरू झाला आणि हा एकेक बटन दाबत बसला. कॅसेट फिरायची, बाहेर यायची, पुन्हा आत जायची. "आली, आली, माय आली!" पोरीबाळी ओरडल्या. भगवानराव बॅटरी घेऊन मशिनीच्या मागं डोकं घालून बसलेला. मध्येच सगळे खदखदून हसले. कुणीतरी म्हणालं, "ऐकलं का भगवानराव?" त्यानं मान वर केली तेव्हा टीव्हीवर कापसावरची बोंडअळी होती.

किशनराव मास्तरांनी मशिनीसोबतचं पुस्तक चाळलं आणि चष्मा काढला.

"भगवानराव, ही नुसती दाखवायची हाय. भरायची न्हाई."

"अहो, दुकानदार म्हणला समोरून भरायची!"

"कॅसेट आत समोरून सारायची, असं म्हणला असंल तो."

असा हशा पिकला म्हणता! भगवानरावाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वर कडूबाई साधेपणानं म्हणाली, "जाऊ दे रं. माझ्या चंद्रभाननं भरलं असंल की."

भरलंच होतं! सकाळी चंद्रभान कॅसेट घेऊन दारात उभा.

"घे भगवान. माय तुझ्याकडंच राहू दे."

ह्याच्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पण माय बघायची होती. भगवानरावानं नव्या मशिनीत समोरून कॅसेट सारली. कडूबाई दळत होती, गात होती. मग टीव्हीवाल्या पोरीनं विचारलं, "आजी, लेकरं किती?" कडूबाईनं जातं थांबवलं आणि तोंडभरून हसली.

"दोन लेक. एक रेडिओ दुरुस्त करतो, एकाची गिरणी हाय. गिरणीवाल्यापायी माझं जातं बसलं, बगा!"

चंद्रभाननं बाहीनं डोळे पुसले. भगवानराव मायकडं वळला. "दोन?"

"मग? आज मोजायलास व्हय?" कडूबाई म्हणाली.

दोन वर्षांनी कडूबाई गेली. तेव्हापासून तिच्या वर्षश्राद्धाला चंद्रभान जेवायला येतो आणि जेवण झालं की टीव्हीसमोर बसतो. भगवानराव कॅसेट लावतो. 'दोन' आलं की अजूनही त्याच्या पोटात तीच कळ उठते.

परवा चंद्रभान घरी गेल्यावर तो मशिनीवर कापड टाकत बायकोला म्हणाला, "ही भरायची नव्हती तेच बरं झालं."

"कामून?"

"भरायची असती तर त्या 'दोन'वर मी कवाच दुसरं काय तरी भरून बसलो असतो." जरा वेळ तो कापडाच्या घड्या सारख्या करत राहिला. "अन् साऱ्या कॅसेटमधी माय तेवढ्याच जागी हसती."