तावडेकाकांचं दीड मिनिट

मरोळच्या आमच्या कारखान्याच्या गेटावर एक पाटी आहे: 'आत मोबाईल नेण्यास सक्त मनाई.' पाटीखाली लाकडी खोका आणि खोक्यापाशी भीमराज वॉचमन. आपापला फोन खोक्यात टाकायचा, मग आत जायचं. चंद्रप्रकाश तावडे, फिटर, नोकरीची चौतीस वर्षं, रोज इमानेइतबारे फोन खोक्यात टाकायचे आणि डब्याच्या पिशवीत डिजिटल कॅमेरा घेऊन आत जायचे. भीमराजने एकदा हटकलं, तेव्हा काकांनी त्यालाच पाटी मोठ्याने वाचायला लावली. त्याने दोनदा वाचली. पाटीवर कॅमेरा कुठेच नव्हता. भीमराजने बाजूला होऊन वाट दिली.

कॅमेरा त्यांच्या मुलीचा, जान्हवीचा, कॉलेजातला. चंदेरी रंग, पेन्सिल सेलवर चालणारा, स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा. जान्हवी लग्न होऊन बोरिवलीला गेली आणि वाकोल्याच्या खोलीत टीव्हीमागे दोन वस्तू मागे राहिल्या, हा कॅमेरा आणि स्पीकर गेलेला लॅपटॉप. काकांनी दोन्ही कामाला लावल्या.

मी तिथे क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम मोजून नाक मुरडायला. फलटणला डिप्लोमा करून आलो, म्हणून काका मला नावाने नाही, गावाने हाक मारतात. काकांच्या कामावर नाक मुरडायची संधी मला पाच वर्षांत मिळालेली नाही. आम्ही ग्राइंडिंग मशीनच्या स्लाइड बनवतो, म्हणजे मशीनचा जो बिडाचा भाग मागेपुढे सरकतो तो. कॉम्प्युटरवर चालणारं मशीन तो कापून देतं, पण अगदी सपाट करत नाही. ते काकांकडे. सपाट लादीवर निळा रंग पुसायचा, त्यावर स्लाइड घासायची. जिथे उंचवटा तिथे निळं लागतं. ते निळं स्क्रेपरने हलकेच खरवडायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा बघायचं. एका चौरस इंचात वीस ठिपके सारखे उमटेपर्यंत हेच. काकांची नखं कायमची निळी आहेत. मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी विचारलं होतं म्हणे, काही त्रास आहे का.

हेच काम काका कॅमेऱ्यात धरायचे. कॅमेरा रबरी नळीने, काम घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या दांड्याला बांधायचा आणि फक्त हात दिसतील असा वाकवायचा. घरी जाऊन क्लिप एका फोटोंच्या साइटवर चढवायची. फोटोंच्या साइटवर का, तर जान्हवीचं खातं तिथे आधीपासून होतं. तिथे छोट्या क्लिपा चालतात, पण दीड मिनिटाच्याच. काकांना ते पटलेलं. दीड मिनिटात जे दाखवता येत नाही ते आपल्याला येतच नसतं, असं त्यांचं म्हणणं. फक्त नवा अल्बम कसा काढतात ते त्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे बिडावर स्क्रेपर चालवणारे निळे हात 'जान्हवीचा साखरपुडा' या अल्बममध्ये, पेढ्यांच्या ताटानंतर सुरू व्हायचे.

तरी लोकांना ते सापडले. कोइमतूरचा एक फिटर स्क्रेपर कसा धरायचा ते विचारायचा. एका फोटोवाल्याने खडसावलं की ही साइट फोटोंची आहे, इथे हलतं चित्र कशाला. काकांनी उत्तर दिलं, "फोटोत हात थांबलेला दिसतो. आमचा थांबत नाही."

वाट लागली ती तेविसाव्या क्लिपमुळे. आमचे मिहिरशेठ, मोठ्या शेठचे चिरंजीव, यांनी दोन नवी मशिनं घेतलीत आणि माहितीपत्रकावर 'संपूर्ण स्वयंचलित' असं सोनेरी अक्षरात छापलंय. एके दिवशी ते फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत काकांच्या मागून गेले. (शेठचा फोन खोक्यात जात नाही.) महिनाभराने त्याच गिऱ्हाइकाच्या इंजिनियरने शेठना एक लिंक पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: हे हात कुणाचे?

शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. लिंक उघडायला मी, ऐकून घ्यायला काका. क्लिप सुरू झाली. निळे हात शांतपणे बीड खरवडतायत आणि मागून शेठचा आवाज, खणखणीत: नाही हो साहेब, आमच्याकडे सगळं मशीनवरच, माणसाचा हात लागतच नाही.

काकांनी माझ्याकडे वळून खालच्या आवाजात विचारलं, "ह्याच्यात आवाज पण येतो?"

मुक्या लॅपटॉपवर त्यांनी आपल्या तेवीसही क्लिपा मुक्याच बघितल्या होत्या. मी मान हलवली. हसू आवरायला मी दारावरचं कॅलेंडर वाचत होतो.

शेठ हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सोमवारपर्यंत सगळ्याच्या सगळ्या क्लिपा काढा, नाहीतर गेटाच्या आत येऊ नका, असं त्यांनी सांगितलं. तिथे थांबले असते तर काका बहुतेक ऐकते. पण शेठ पुढे बोलले. "आणि तावडे, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या मालावर केलेलं काम. त्यात तुमचं काय आहे?"

काकांनी अंगठ्याचा निळा रंग चिंधीला पुसला. राग आला की ते कुडाळला पोचतात. म्हणाले, "आवाज तुमचो, तो काढतंय. हात माझे आसत, ते रवतले."

शेठनी माझ्याकडे बघितलं. आता मालवणीचं भाषांतर फलटणच्या माणसाने करायचं.

"आवाज काढतो म्हणतात," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि हात राहतील."

त्या संध्याकाळी बस स्टॉपवर काकांनी मला पाकिटातलं एक कार्ड दाखवलं. त्यांचे वडील गोविंद तावडे, लालबागच्या गिरणीत विणकर, त्यांचा गेटपास. वडील चालू मागावर तुटलेला धागा असा जोडायचे की गाठ शोधून सापडायची नाही. ते कुणी बघितलं नाही, कुणी धरून ठेवलं नाही. तीस वर्षांच्या कामाचा एवढा एकच फोटो. "ह्याच्यात नुसतं तोंड आहे," काका म्हणाले. "बाबांनी तोंडाने कापड विणलं नाही."

रविवारी जान्हवीला फोनवर विचारून विचारून त्यांनी दोन गोष्टी केल्या. तेविसावी क्लिप काढून टाकली. बाकीच्या बावीस साखरपुड्यातून उचलून नव्या अल्बममध्ये ठेवल्या. अल्बमला नाव दिलं: चंद्रप्रकाश गोविंद तावडे, फिटर, मरोळ. तोवर त्या हातांना नाव नव्हतं. शेठनी 'तुमचं काय आहे' असं विचारलं म्हणून मिळालं.

सोमवारी काका वेळेवर आले. भीमराज खाली मान घालून म्हणाला, आत सोडायचा हुकूम नाही. काकांनी वाद घातला नाही. समोर शेवंतीबाईची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर जाऊन बसले. भोंगा झाला की डबा उघडायचा, भोंगा झाला की मिटायचा, सुटीच्या भोंग्याला घरी. पूर्ण पाळी बाकड्यावर. मंगळवारी तेच. शेवंतीबाईने विचारलं की काका, घरीच का नाही बसत. ते म्हणाले, मी कामावर आलोय, मला आत घेत नाहीत तो त्यांचा प्रश्न.

आत त्याच गिऱ्हाइकाची स्लाइड पडून होती आणि ती गुरुवारी निघायची होती. शेठनी मला स्क्रेपर दिला. आणि कसं करायचं ते कळावं म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, त्यांच्याच केबिनमध्ये, काकांच्या क्लिपा लावून दिल्या. मी सातवी क्लिप एकोणीस वेळा बघितली. बघताना सगळं समजत होतं. खाली आलो की हाताला काही आठवत नव्हतं. बुधवारी दुपारपर्यंत मी स्लाइडचा एक कोपरा जास्त खरवडून असा खाल्ला की माझंच मोजमाप माझ्यावर नाक मुरडायला लागलं. ते मी शेठना लेखी दिलं. क्वालिटीचा माणूस आहे शेवटी.

चार वाजता मिहिरशेठ स्वतः रस्ता ओलांडून टपरीवर गेले. मी मागे होतो. काका उठले नाहीत.

"चला तावडे," शेठ म्हणाले.

"क्लिपा तशाच आहेत."

"बघितलं मी."

"बघितल्यातच असणार," काका हातातला फोन दाखवत म्हणाले. बाकड्यावर बसल्यामुळे फोन तीन दिवस त्यांच्याकडेच होता. "सोमवारपासून ह्या सातव्या क्लिपचा आकडा वाढतोच आहे. तेही कामाच्या वेळेतच. कोण एवढं बघतंय म्हटलं. फलटण, स्क्रेपर आडवा धरलास ना रे?"

मी हो म्हणालो. शेठ रस्त्याकडे बघत राहिले. काकांनी ग्लास संपवला, सावकाश, आणि मग आत गेले. माझा खाल्लेला कोपरा बरोबर करायला त्यांना उरलेली सगळी स्लाइड त्या पातळीला उतरवावी लागली. शुक्रवारी ती निघाली, एक दिवस उशिरा. मी मोजली. काही लिहिण्यासारखं नव्हतं.

पण शेठ शेठच. शनिवारी पाटी नव्याने रंगवून आली: 'आत मोबाईल व कॅमेरा नेण्यास सक्त मनाई.' काकांनी ती भीमराजला पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. मग पिशवीतून कॅमेरा काढून फोनशेजारी खोक्यात ठेवला. नियम म्हणजे नियम.

जेवणाच्या सुटीत ते बाहेर आले, खोक्यातून कॅमेरा घेतला आणि रस्ता ओलांडला. पिशवीत त्यांचा स्वतःचा स्क्रेपर, निळ्या रंगाची डबी, एक छोटी लादी आणि भंगारातून विकत आणलेला बिडाचा तुकडा. बाकडं शेवंतीबाईचं. पाटी गेटापर्यंतच.

आता नव्या क्लिपा तिथेच होतात. एका कडेला चहाचा ग्लास दिसतो, मागे रिक्षांचे हॉर्न. आवाज येतो हे कळल्यापासून काका आधी बोलतात. "मी चंद्रप्रकाश गोविंद तावडे. हात माझे." मग उरलेला वेळ नुसता स्क्रेपर. शेवंतीबाई मध्येच येऊन ग्लास उचलून नेते, तरी हात थांबत नाहीत.