पूर्वेस कापसाची गंजी
केसांना लावायचा रंग कालवला की अमोनियाचा वास येतो आणि मला पुसदचं आमचं जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना, आठवतं, कारण नव्या इमारतीच्या नकाशांच्या निळ्या प्रतींना हाच वास होता. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. जिनिंग बंद पडलं तेव्हा अब्बांनी अर्ध्या आवारात फ्लॅट बांधले. नोंदणीसाठी अपार्टमेंटचं घोषणापत्र लागत होतं. "वकील कायले पायजे? तू बीए झाली ना, लिही," अब्बा म्हणाले आणि मीही बिनधास्त लिहायला बसले. जिना, विहीर, गच्ची सगळ्यांची, त्यात कुणाचा हिस्सा किती, सारं चोख उतरवलं. चतुःसीमा मात्र अब्बांनी सांगितल्या, वावराच्या सांगतात तशा: पूर्वेस कापसाची गंजी. भाव येईल म्हणून न विकता राखलेली ती गंजी, कापसाचा तो ढीग, आवारात इतकी मुरली होती की मलाही त्यात वावगं दिसलं नाही. नोंदणी कार्यालयातला बाबू वाचून हसला. "चाचा, उद्या गंजी इकली तं हद्द कुठं जाईन?" अब्बा शांतपणे म्हणाले, "साहेब, गंजी इकली असती तं मी फ्लॅट कायले बांधले असते?" बाबूनं कागद माझ्यापुढे सरकवला. मी गंजी खोडून 'जिनिंगची भिंत' लिहिलं, अब्बांनी बाजूला सही केली आणि त्याच दिवशी नोंदणी झाली. आता ती भिंत पडली, गंजी तर कधीच गेली. पण त्या फ्लॅटमधली माणसं, ज्यांनी कापसाचं बोंडही तिथे पाहिलं नाही, पत्ता सांगताना अजून म्हणतात, "गंजीकडच्या बाजूनं या."