मेंढ्यांनी सोडलेली आमरी

पेपर परत आला त्याच दिवशी मी शिरूरला निघायचं ठरवलं. सहा वर्षं मी ज्या आमरीच्या, म्हणजे माळावर उगवणाऱ्या ऑर्किडच्या, मागे होते, ती नवी जात नाहीच, नेहमीचीच खुरटलेली आहे, असं परीक्षकांचं म्हणणं. फुलांची मापं म्हणे एकमेकांशी जुळत नाहीत. ताजी फुलं मोजून उत्तर द्यायला महिन्याची मुदत, आणि बहर टिकतो जेमतेम दोन आठवडे. झालं कल्याण!

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची एसटी धरा. उशीर केलात की सणसवाडीला कंपन्यांच्या बसगाड्यांत अडकता, जशी मी अडकले. शिरूर स्टँडवर मिसळ खाल्ली (तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा) आणि वडापच्या जीपने वीस रुपयांत मांडवगण फराटा गाठलं. पुढे माळापर्यंत अर्धा तास पायी. सावली औषधालाही नाही, पाणी सोबत ठेवा.

माळ गाठला आणि बघते तर काय! मेंढ्यांनी सगळं साफ केलं होतं.

कळपामागून आप्पा आले, दरवर्षी या माळावर भेटणारे धनगर. पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आता बाजरी-कांदा करतात, पण वीसेक मेंढ्यांचा नाद सुटलेला नाही. मी तावातावाने विचारलं, "आप्पा, माझी फुलं खाल्ली ना हो सगळी?"

"सगळी कुठं? ती काय हुबी हायेत की."

खरंच की! कुरतडलेल्या गवतात पंधरा-सोळा दांडे ताठ उभे होते.

"दोन जाती हायेत, मॅडम. एकीला मेंढरं तोंड लावत्यात, दुसरीला हुंगून सोडत्यात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही इचारलं कवा? दरसाली यायचा, दोन्ही एकाच कागदात गुंडाळून न्यायचा. म्हटलं, शिकलेली माणसं, आसंल काय तरी कारण."

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन जातींची फुलं एकत्र मोजली, तर मापं जुळणार कशी? आणि म्हणे डॉक्टरेट! तिथेच भिंग काढून बसले. उभ्या दांड्यांवरच्या प्रत्येक फुलामागची नळी लांब. बाभळीच्या काट्यांत वाचलेल्या दुसरीची आखूड. एकही अपवाद नाही. मला रडूच फुटलं. आप्पा घाबरले, घरी घेऊन गेले. काकूंनी भाकरी, मटकीची आमटी आणि खर्डा वाढला, आणि नको नको म्हणताना तिसरी भाकरी ताटात टाकली. त्या दोघांचे उपकार मी कशाने फेडू?

पुण्यात परतून सगळी मापं नव्याने मांडली. पेपर स्वीकारला गेला. नवी जात! संपादकांनी एवढंच विचारलं, मेंढ्या ही वनस्पती खात नाहीत हे निरीक्षण कोणाचं? मी आप्पांचं नाव लिहिलं. अख्ख्या पेपरात मला त्या एका ओळीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे. लगेच फोन करून त्यांना सांगितलं.

"माझं नाव कशापायी?" आप्पा म्हणाले. "मी काय खाऊन बघितलंय व्हय? मेंढरांचं घाला."