आभाळाची रेघ

आमच्या घाटंजीतल्या फोटोवाल्या काकांना नवरदेवाचा फेटा वाकडा चालतो, पण मागे आभाळ जमिनीला टेकतं ती रेघ वाकडी चालत नाही. कपाशीच्या शेतात फोटो काढताना ते सारखी मान कलती करून पुटपुटतात, "रेघ सिधी पाह्यजे, नाही त सारी पऱ्हाटी घरंगळून जाईन."

त्यांच्याच दुकानात एक फ्रेम मात्र तिरपी टांगलेली आहे. परवा मी ती सरळ करायला गेलो, तर ओरडलेच, "हात नोका लावू भाऊ! हा फोटो बायकोनं काढला. रेघ तिरपी आली, म्हणून फ्रेम तिरपी टांगली."

"मग कॉम्प्युटरवर सरळ करायचा ना?"

"कडा कापा लागते," ते हसले. "अन् कोपऱ्यात तिचं बोट आलं हाये."