चिंध्यांचे बाबा

मिल बंद झाली तेव्हा मी तिसरीत होते. बाबा मिलमध्ये कापड विणायचे. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल म्हणत ते बरेच दिवस गेटवर जात राहिले. मग तेही सोडलं आणि घरातच बसू लागले. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण चिडायला लागला. एकदा जेवताना त्यांनी ताट भिरकावलं. वरण भिंतीवरून ओघळलं, आई मुकाट्यानं पुसत राहिली. त्यानंतर शाळेची वेळ झाली की रोज माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

शेजारच्या काकू बालवाडीत शिकवायच्या. दुपारी आम्हा पोरांना ओट्यावर बोलावून चिंध्यांचं बोचकं आणि करवंट्या पुढे ठेवायच्या. "चलो, खेळा," म्हणायच्या आणि स्वतः शिवण घेऊन बसायच्या.

मी चिंध्यांची आई केली, बाबा केले, एक मुलगी केली. चिंध्यांच्या बाबांनी करवंटी जोरात फेकली. मला वाटलं, आता काकू रागावणार.

"फार राग आलाय त्यांना," त्या एवढंच म्हणाल्या. "आणि मुलगी काय करते?"

"तिचं पोट दुखतं."

"तिला कोणी सांगितलं का, की हा राग तिच्यावर नाहीये?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग तू सांग ना बेटा."

मी त्या मुलीच्या कानात सांगितलं. कितीतरी वेळ सांगत होते.

काकूंनी मला कणकेचा छोटा गोळा दिला. "पोट दुखायला लागलं की हा दाब. आणि गरम चहावर घालतो ना, तशी हळू फुंकर घाल." दुसऱ्या दिवशी गोळा खिशात घालून मी शाळेत गेले. पोट दुखलं, पण गेले.

एका दुपारी आम्ही करवंट्यांत चिंध्यांच्या पोह्यांचं दुकान मांडलं होतं, तेव्हा बाबा मला बोलवायला आले. भिंतीकडे तोंड करून बसवलेला चिंध्यांचा माणूस त्यांना दिसला.

"हा कोण गं?"

"बाबा," मी म्हणाले आणि घाबरून फुंकर घालू लागले.

"या भाऊजी, बसा," काकू म्हणाल्या. "आमच्या पोह्याच्या दुकानाला गिऱ्हाईकच नाही."

ते परत जातील असं मला वाटलं. पण त्यांनी चपला काढल्या आणि खाली बसले. घसा खाकरून म्हणाले, "शेव जरा जास्त टाक हं." मी करवंटीभर चिंध्या वाढल्या. त्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. पोरं हसून हसून लोळली. मग बाबांनी तो चिंध्यांचा माणूस उचलला आणि मुलीशेजारी आणून बसवला.

त्यांचा राग लगेच गेला नाही. पण राग आला की ते बाहेर एक चक्कर मारून येऊ लागले. पुढे राजवाड्याजवळ एका कापडाच्या दुकानात त्यांना काम मिळालं.

काकू आता देपालपूरला मुलाकडे असतात. मागे भेटायला गेले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं.

"मी काय केलं गं? खेळत तर तुम्हीच होतात."

मी त्यांच्या पाया पडले, तशा त्या संकोचल्या. "बस बस, पुरे. जेवून जा आता," म्हणाल्या आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली.