खारूचा रविवारचा नमुना

परीक्षा मंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळं कार्यालय भिंगवाली म्हणायचं. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की भिंगवाली. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं कबूल करण्यातली ती नव्हती.

काम एकच, पण किचकट. अर्ज भरणारा आणि पेपर लिहिणारा हा एकच माणूस आहे, की अर्ज एकाने भरला आणि परीक्षेला भलताच येऊन बसला, हे अक्षरावरून ओळखायचं. संशयातल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यांनी तिच्या टेबलावर येत. डावीकडे अर्ज, उजवीकडे उत्तरपत्रिका, मधे दिवा, हातात भिंग. मग हिरव्या पेन्सिलीने शेरा मारायचा: 'हस्ताक्षर उमेदवाराचेच' किंवा 'हस्ताक्षर जुळत नाही'. अठरा वर्षांत तिचा शेरा दोनदाच चुकला होता. ते दोन दिवस तिला अजूनही तारखेसकट आठवत.

मधे एकदा नव्याने लागलेली कारकून मुलगी दोन सह्या घेऊन आली. "बाई, अगदी हुबेहूब आहेत. सोडून देऊ?"

भिंगवालीने दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. "यातली एक खोटी आहे," ती म्हणाली. "खरा माणूस तीच सही दोनदा करूच शकत नाही. हात थोडा तरी हलतो. जिथे काहीच फरक नाही, तिथे कोणीतरी गिरवलंय. नीट बघ, मधेमधे पेन थांबलंय, तिथे ठिपका जाड झालाय. स्वतःचं लिहिताना माणूस असा थबकत नाही."

भिंगवालीने शेरा मारला आणि पुढचा गठ्ठा ओढला.

एवढं शहाणपण कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद करून ती सहा वाजता घरी यायची आणि चप्पल काढायच्या आधी मोबाइल उघडायची. पहिलीच्या वर्गातल्या आयांचा एक ग्रुप होता. वर्गावरच्या बाई मुलांना अभ्यास देत, आणि संध्याकाळ झाली की आया आपापल्या पोरांच्या वहीची पानं तिथे टाकत. 'आज जरा घाईत लिहिलंय हं' असं खाली लिहायचं आणि वर पान असं की छापखान्याने मान खाली घालावी. भिंगवाली दोन बोटांनी ती पानं मोठी करकरून बघे. शिरोरेषा सरळ. दोन शब्दांत सारखं अंतर. मग तिच्या पायाला भिंगरी लागायची. चहा गॅसवर ठेवून ती बाहेर यायची, बाहेरून आत जायची, दप्तर उघडायची, मिटायची, चहा उतू जायचा.

कारण दप्तरात खारूची वही असे.

खारू म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. पेन्सिलीची मागची टोकं कुरतडून कुरतडून तिने हे नाव मिळवलं होतं. खारूचं अक्षर ओळीवर बसायला तयार नव्हतं. 'क'चं पोट एवढं मोठं की शेजारच्या अक्षराने अंग चोरून उभं राहावं. 'ळ' आडवा पडलेला. 'ड' कधी कधी उलट्या दिशेला तोंड करून. शिरोरेषा म्हणजे ओल्या कपड्यांनी खाली आलेली दोरी. आणि जोर इतका की मागच्या पानावरही तेच वाचता यावं.

भिंगवालीने तिला येत होता तो इलाज केला. दर रविवारी सकाळी खारूला टेबलाशी बसवायचं आणि कोऱ्या कागदावर तीच दोन वाक्यं लिहून घ्यायची: 'माझी मांजर काळी आहे. ती खिडकीत बसते.' घरात मांजर नव्हती, पण या वाक्यांत अडचणीची अक्षरं बरीच येत. कागदावर तारीख घालायची आणि फाइलीत लावायचा. रविवारचा नमुना. मग मागच्या रविवारशी ताडून बघायचं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण त्यानंतर ती मोबाइलमधून बाहुलीचं पान काढायची.

बाहुली समोरच्या दारातली. तिची आई शिंपीण, घरातच मशीन टाकून बसलेली. बाहुलीचे केस नेहमी विंचरलेले, मोजे सारख्या उंचीचे आणि अक्षर अगदी मोत्यासारखं.

"बघ, बाहुलीसारखं काढ ना जरा," भिंगवाली म्हणायची. सुरुवातीला लाडाने, मग दात आवळून. "एवढंसं तर आहे. तिला जमतं, तुला का नाही जमत?"

नवरा शहरबस चालवायचा. त्याला रविवारची सुट्टी, त्यामुळे हा सोहळा त्याच्या डोळ्यांदेखत व्हायचा. "अगं, वीस वर्षं बस चालवतोय," तो एकदा म्हणाला, "तरी वळणावर चाक कधीतरी पांढऱ्या पट्टीवर चढतंच. तिला तर पेन्सिल धरून वर्षही झालं नाही."

"तुझी बस कोणी भिंतीवर टांगत नाही," ती फणकारली.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वर्षाखेरच्या पालकसभेला पहिलीच्या मुलांची पानं वर्गात टांगली जात. घरून एक पान लिहून आणायचं, 'माझं घर', सगळ्यांना मजकूर तोच. मग पालक चहाचे कप हातात घेऊन पानापानासमोर फिरत. त्या पानाचा तिच्या जिवाला घोर लागला होता. शाळेत असताना तिचं स्वतःचं अक्षर इतकं गिचमिड होतं की एकदा बाईंनी तिची वही वर्गाला दाखवून विचारलं होतं, हे कोणाला वाचता येतंय का. सगळे हसले होते. अक्षराची पारख करणारी बाई झाली, तरी ते हसू तिच्या कानातून गेलं नव्हतं. खारूचं पान टांगलं की तेच हसू तेच लोक हसणार, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

आणि शिवाय दुसरं एक होतं, जे सगळ्याच आयांना होतं. पोराचे दात आपले येतात, उंची आपली वाढते, त्यात आईची मात्रा चालत नाही. अक्षर तेवढं घरी बसून घटवून घेता येतं, असं प्रत्येकीला वाटतं. त्यामुळे वही लेकराची असली तरी परीक्षेला बसलेली असते आई, आणि आपला पेपर शेजारणीपेक्षा बरा गेला की नाही हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पालकसभेच्या तीन आठवडे आधी खारूचं अक्षर एकाएकी सुधारलं. ती आता अभ्यास बाहुलीकडे बसून करायची, आणि घरी येणारी वही बघून भिंगवालीचा जीव भांड्यात पडायचा. 'क'चं पोट आत गेलं. 'ळ' उठून बसला. तिने पहिल्यांदाच ग्रुपवर पान टाकलं आणि खाली लिहिलं, 'आज जरा घाईत लिहिलंय हं.' अठ्ठावीस जणींनी शाबासकीचे अंगठे पाठवले. त्या तीन आठवड्यांत रविवारचा नमुनाही तिने घेतला नाही. आनंदात असलेला माणूस भिंग कशाला काढतो?

सभेच्या दिवशी वर्गात आडव्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि चिमट्यांनी पानं लावली होती. वर्गावरच्या बाई सुरुवातीला थोडं बोलल्या. या वयात मनगटाची हाडंही पुरती तयार झालेली नसतात, म्हणाल्या. आधी खांद्यातून लिहितात, मग कोपरातून, बोटांत उतरायला वेळ लागतो. उलटी अक्षरं बहुतेकांची हळूहळू आपोआप सरळ होतात. पालकांनी माना डोलावल्या आणि बाईंचं बोलणं संपताच एकमेकांच्या पोरांची पानं बघायला उठले.

"अगदी तुमच्यावर गेलीय हो," कोणीतरी भिंगवालीला म्हणालं. ती हसली. खारूचं पान बाहुलीच्या पानाशेजारीच होतं आणि दोन्ही सारखी सुंदर. ती बघत राहिली. आणि बघता बघता तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

तिसऱ्या ओळीत 'झाड' होतं. बाहुलीच्या 'झ'ची शेपटी मधेच तुटली होती, तिथे पेन्सिलीचं टोक मोडलं असावं. खारूच्या 'झ'ची शेपटीही तुटली होती. त्याच जागी. भिंगवालीने पर्समधून भिंग काढलं. दोघीतिघी आया हसल्या, तिला ऐकूही आलं नाही. खारूच्या रेघेत जोर नव्हता. दर बोटभर अंतरावर पेन्सिल थांबली होती आणि तिथे ठिपका जाड झाला होता. तिने दोन्ही पानं चिमट्यांतून सोडवली, एकावर एक ठेवली आणि खिडकीला लावली. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

"काय बघताय?" वर्गावरच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. छान आहे," भिंगवाली म्हणाली आणि पानं परत लावली. अठरा वर्षांत जाणूनबुजून दिलेला हा तिचा पहिला खोटा शेरा.

घरी येताना खारू फुटपाथच्या फरशा एकाआड एक ओलांडत चालली होती.

"खारू, ते पान कसं काढलंस गं?"

लपवण्यासारखं काही आहे हे खारूच्या गावीही नव्हतं. "बाहुलीचं खाली ठेवायचं, माझं वर. काचेला धरायचं. मग दिसतं. हळूहळू जायचं. हात दुखतो, पण छान येतं. अभ्यास पण तसाच करते मी."

"पण मग ते बाहुलीचं अक्षर झालं ना?"

"हो मग. तूच म्हणतेस, बाहुलीसारखं काढ."

"आणि तुझं कुठे गेलं?"

"तुझ्या फाइलीत आहे की," खारू म्हणाली. "वाईटवालं."

भिंगवालीला पुढची फरशी दिसेना. राग आला म्हणावं तर कोणाचा, हेही कळेना. रात्रभर तिने कूस बदलली आणि सकाळ होताच खारूला टेबलाशी बसवून समोर कोरा कागद ठेवला. "माझी मांजर काळी आहे, लिही. कोणाचं बघू नकोस. तुझं लिही."

खारूने लिहिलं. काचेशिवायही ती आता तसंच लिहीत होती, एकेक रेघ जपत, थांबत, आईच्या चेहऱ्याकडे बघत. भिंगवालीने भिंग लावून ते मोठं पोट शोधलं, आडवा 'ळ' शोधला, मागच्या पानावर उमटणारा जोर शोधला. हजारो परक्या माणसांचं अक्षर हुडकून काढणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचं अक्षर सापडेना. ते कायमचं गेलं असलं तर ते घालवणारी आपणच, हे तिला लख्ख कळलं आणि ती तशीच उठून समोरच्या दारात गेली.

शिंपीण मशीनवर होती. भिंगवालीने बसता बसता सगळं सांगून टाकलं. शिंपिणीने पाय थांबवला.

"गिरवतात होय? मला वाटलं, खिडकीत चित्रं काढतात," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाहुलीचं काय कौतुक करताय? मी तिला रोज खारूवरून बोलते. खारूला कशा भराभर गोष्टी सुचतात, आणि आमची ही ठोकळ्यासारखी बसून राहते. त्या वहीत म्हणे सगळं खारूनेच लिहिलंय. हिने नुसतं रंगवलंय."

"कुठल्या वहीत?"

"ती काय, कापडांखाली. मला बारीक वाचायला चष्मा लागतो, मी काही उघडली नाही."

भिंगवालीने वही काढली. वेष्टनावर मोठ्या, वाकड्या, कागदात रुतलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: आईला दाखऊ नये.

अक्षर ओळखायला 'क'ची गरज नव्हती, 'ळ'ची गरज नव्हती. भिंगाचीही गरज नव्हती. तिने वही उघडली. एका शूर मांजरीची गोष्ट होती, चांगली तीस पानांची, अक्षरं पळत सुटलेली, कुठेही न थबकलेली. पहिल्या पानावर 'ड' उलटा होता. दहाव्या पानावर निम्मे सरळ झाले होते. विसाव्या पानानंतर एकही उलटा नव्हता. अक्षरं हळूहळू लहान होत ओळीवर उतरली होती, 'क'ने पोट थोडं आवरलं होतं, थोडं ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ताडून बघितलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, मग बाही पण लागली.

"पोरांच्या कपड्यात मी शिवणीच्या आत चार बोटं माया ठेवते," शिंपीण दोरा ओवत म्हणाली. "अंगाबरोबर शिवलं की महिन्यात उसवतं." मग तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

भिंगवालीने वही होती तशी, पालथी, कापडांखाली ठेवली. घरी येऊन फाइल माळ्यावर टाकली. सवय मात्र एका दिवसात जाते थोडीच. आठवडाभर ती ग्रुप उघडत राहिली, मिटत राहिली. शुक्रवारी तर बाहुलीचं पान दोन बोटांनी मोठं करून झालं, तेव्हा कुठे तिला भान आलं.

पुढच्या रविवारी सकाळी खारू आपणहून टेबलाशी येऊन बसली. पाठ ताठ, ओठ मिटलेले.

"नमुना?" तिने विचारलं.

"आज पेन्सिलच सापडत नाहीये," भिंगवाली म्हणाली.

हिरवी पेन्सिल तिच्याच अंबाड्यात खोचलेली होती. खारूने पेन्सिलीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग खुर्चीवरून घसरून ती बाहुलीकडे पळाली, आणि भिंगवाली दाराशी उभी राहून ते समोरचं दार लागेपर्यंत हात पदरात गुंडाळत राहिली, पण तिच्यामागे गेली नाही.